लुई गार्नरे : खलाशी, कैदी, सागरचित्रकार

आंब्रोआज लुई गार्नरे हा फ्रेंच खलाशी वयाच्या तेराव्या वर्षी समुद्रावर गेला. दहा वर्षे तो हिंदी महासागरात लढाऊ, लुटारू आणि मालवाहू जहाजांवर राबला. तेविसाव्या वर्षी इंग्रजांच्या हाती सापडला आणि पुढची आठ वर्षे त्याने पोर्ट्समथ बंदरातल्या तुरुंगनौकांवर कैदेत काढली. १८१४ मध्ये सुटून मायदेशी आला तेव्हा जहाजावर त्याला कोणी काम देईना. मात्र तोवर त्याचा चित्रकाराचा हात तयार झाला होता. पुढच्या चाळीस वर्षांत फ्रान्सच्या सागरी चित्रकलेत त्याने स्वतःची जागा केली. त्याच्या चित्रांचे मोल त्याच्या अनुभवात आहे असे सरसकट म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण त्या अनुभवाचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांहून फार वेगळे आहेत. पहिली दहा वर्षे पायाखालचे जहाज सतत हलत होते. नंतरची आठ वर्षे ते तसूभरही पुढे गेले नाही. जहाज कसे चालते हे त्याला पहिल्या काळाने शिकवले आणि ते कसे दिसते हे दुसऱ्या काळाने.

गार्नरेचा जन्म १९ फेब्रुवारी १७८३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील जाँ-फ्रान्स्वा गार्नरे हे चित्रकार, जाक-लुई दाव्हिद यांचे शिष्य. ऑग्युस्त आणि इपोलित हे धाकटे भाऊही पुढे चित्रकार झाले. रंग, ब्रश, तांब्याचे पत्रे आणि कोरणीची हत्यारे यांच्यातच ही मुले वाढली. थोरल्याने मात्र समुद्राचा हट्ट धरला. घराण्यातला एक नातलग, बोल्यू-ललू, आरमारात कप्तान होता आणि फोर्त या फ्रिगेटवर त्याचा हुकूम चाले. १७९६ मध्ये रोशफोर बंदरातून सेर्सेच्या हाताखालचा फ्रेंच ताफा हिंदी महासागराकडे निघाला, तेव्हा हा मुलगा फोर्तवर भरती झालेला होता. वडिलांच्या चित्रशाळेत हातात पडलेली पेन्सिल त्याने सोबत नेली एवढाच काय तो घरच्या धंद्याशी उरलेला संबंध.

त्या काळी जहाजावर दाखल झालेल्या पोराला कोणी वर्गात बसवून शिकवत नसे. कोणता दोर कोणत्या शिडाचा, तो कुठे बांधायचा, अंधारात हाताने चाचपून तो कसा ओळखायचा, हे चुकत आणि मार खात कळायचे. परबाणावर, म्हणजे शीड टांगायच्या आडव्या लाकडावर, चढायचे तर खाली टांगलेल्या एका दोरावर पाय रोवायचे, पोट लाकडाला टेकवायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवून ओले, लाकडासारखे ताठरलेले शीड गोळा करायचे. खाली डेक एका बाजूला कलंडलेला, वर डोलकाठीचा शेंडा आभाळात मोठे वर्तुळ काढत असलेला. अशा जागी उभ्या राहिलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा अंगाने कळते. गार्नरेच्या चित्रांत परबाणावरची माणसे नेमकी त्याच ढबीने वाकलेली दिसतात. किनाऱ्यावर बसून जहाजे रंगवणाऱ्या कित्येक नामांकित चित्रकारांनी ही माणसे नुसत्या ठिपक्यांनी भागवली आहेत.

त्याची पहिली लढाई ८ आणि ९ सप्टेंबर १७९६ रोजी सुमात्राच्या किनाऱ्याजवळ झाली. एका बाजूला सेर्सेच्या सहा फ्रिगेट, दुसऱ्या बाजूला ॲरोगंट आणि व्हिक्टोरियस ही प्रत्येकी ७४ तोफांची दोन इंग्रज जहाजे. लढाई अनिर्णित राहिली. त्यानंतर गार्नरे प्रन्यूझ या फ्रिगेटवर गेला. प्रन्यूझचे नाव भारताच्या इतिहासातही येते. टिपू सुलतानाने मदत मागण्यासाठी ईल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, पाठवलेले वकील एप्रिल १७९८ मध्ये याच जहाजाने मंगळूरला परत आणून सोडले आणि त्याच महिन्यात तेल्लिचेरीच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीची दोन जहाजे पकडली. जहाजाचा कप्तान लेर्मित हा त्या समुद्रातला नावाजलेला दर्यावर्दी. गार्नरेच्या आठवणींनुसार प्रन्यूझवर सुकाणूच्या कामाबरोबरच त्याच्याकडे चित्रे काढण्याचेही काम होते.

जहाजावरचे हे चित्रकाम हौसेचे नसे. अनोळखी किनारा दिसू लागला की त्याची बाह्यरेषा कागदावर उतरवून घेत. डोंगराचा सुळका कुठे, खिंड कुठे, कोणत्या दिशेने पाहिले असता कोणते टेकाड कोणत्या झाडीमागे जाते, हे सारे त्यात अचूक लागे, कारण पुढच्या खेपेला त्याच रेषेच्या भरवशावर जहाज आत घालायचे असे. रेषा सुंदर असून भागत नसे. ती चुकली तर जहाज खडकावर जाई. गार्नरेच्या हातातली पहिली शिस्त इथली आहे. वीस-पंचवीस वर्षांनी त्याने फ्रान्सचा सारा किनारा चित्रांत बांधला तेव्हा हीच शिस्त कामी आली.

हिंदी महासागरातल्या फ्रेंच आरमाराचे दिवस मात्र भरत आले होते. फोर्त हे जहाज मार्च १७९९ च्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात इंग्रजांनी पकडले आणि बोल्यू-ललू त्या लढाईत मारला गेला. डिसेंबरमध्ये प्रन्यूझही मॉरिशसच्या किनाऱ्यावर दोन इंग्रज जहाजांच्या कचाट्यात सापडून नष्ट झाले. आरमार असे विस्कटल्यावर खलाशांपुढे एकच वाट उरली, ती कोर्सेरची. कोर्सेर म्हणजे सरकारी परवान्याने शत्रूची व्यापारी जहाजे लुटणारे खाजगी जहाज. लुटीचा वाटा कप्तानापासून पोऱ्यापर्यंत ठरलेला असे. १८०० मध्ये सेंट मालोचा रोबेर सुर्कूफ कॉन्फियान्स या चपळ जहाजासाठी माणसे जमवत होता आणि गार्नरे त्याच्याकडे गेला.

त्या मोहिमेतला सर्वांत गाजलेला प्रसंग ७ ऑक्टोबर १८०० चा. गंगेच्या मुखाजवळ कॉन्फियान्सला ईस्ट इंडिया कंपनीचे केंट हे मोठे जहाज भेटले. केंटवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण ब्राझीलच्या किनाऱ्यावर जळालेल्या क्वीन या जहाजावरची माणसे त्याने वाटेत घेतली होती. शिपाई, उतारू आणि खलाशी मिळून चारशेहून अधिक. तोफाही सुर्कूफच्या दुपटीहून जास्त. समोरासमोर तोफा डागत बसला असता तर सुर्कूफची धडगत नव्हती. त्याने आपले बुटके जहाज केंटच्या उंच कुशीला नेऊन भिडवले. इतक्या जवळून केंटच्या तोफांचे गोळे बरेचसे डोक्यावरून जाऊ लागले. मग कॉन्फियान्सची माणसे वर चढून केंटच्या डेकवर उतरली आणि हातघाईत केंटचा कप्तान रिव्हिंग्टन मारला गेला. जहाज फ्रेंचांच्या ताब्यात आले.

गार्नरेने पुढे हा प्रसंग तैलरंगात रंगवला. चित्रात त्याने भर दिला आहे तो दोन जहाजांच्या उंचीतल्या फरकावर आणि ती एकमेकांना चिकटण्यावर. दोन्हींची शिडे, दोर, परबाणे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि धुराच्या लोटांतूनही कोणता दोर कोणाचा हे शोधता येते. सुर्कूफचा विजय कशामुळे शक्य झाला ते या रचनेतून कळते. इतर चित्रकारांनी याच लढाईत तलवार उपसलेला सुर्कूफ ठळक केला. जहाजांची ही गाठ ज्याने पाहिली होती त्याला ती अधिक महत्त्वाची वाटावी हे साहजिक होते.

लुटीच्या वाट्यातून हाती आलेला पैसा टिकला नाही. १८०२ मध्ये इंग्रजांशी तह झाला, कोर्सेरचा धंदा थांबला आणि गार्नरे व्यापारी जहाजांवर फिरू लागला. त्यांत माणसांचा व्यापार करणारी जहाजेही होती, असे तो स्वतःच लिहितो. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवरच्या मळ्यांना पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि मादागास्करहून गुलाम पुरवले जात. त्या समुद्रातल्या फ्रेंच व्यापाराचा मोठा हिस्सा त्यावर उभा होता. गार्नरेच्या पुस्तकात या खेपांची वर्णने आहेत, त्यांत त्याची घृणाही दिसते. तरी त्या खेपांचा पगार त्याने घेतला होता. त्याच्या चित्रांतल्या समुद्राकडे कौतुकाने पाहताना त्याच्या आयुष्यातले हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

युद्ध पुन्हा पेटल्यावर तो आरमारात परतला. अतालांत हे फ्रिगेट नोव्हेंबर १८०५ मध्ये केप ऑफ गुड होपजवळ वादळात किनाऱ्यावर आदळून फुटले. तिथून तो बेल पूल या फ्रिगेटवर आला. ॲडमिरल लिन्वा तीन वर्षांच्या मोहिमेनंतर मारंगो आणि बेल पूल ही दोन जहाजे घेऊन मायदेशी निघाला होता. १३ मार्च १८०६ च्या पहाटे अटलांटिकमध्ये ही जहाजे नकळत वॉरनच्या बलाढ्य इंग्रज ताफ्यात शिरली. अंधारात व्यापारी गलबते समजून ज्यांचा पाठलाग केला त्यांत ९८ तोफांचे लंडन हे जहाज निघाले. काही तासांत दोन्ही फ्रेंच जहाजे शरण आली. गार्नरे जखमी झाला, पकडला गेला आणि पोर्ट्समथला पोचला. दहा वर्षांत तो मायदेशी परतला नव्हता, आणि आता परतीच्या वाटेवरच अडकला.

पोर्ट्समथच्या बंदरात जुनी युद्धनौका डोलकाठ्या काढून, शिडे-दोर उतरवून, साखळदंडांनी कायमची बांधून ठेवत आणि तिच्यात कैदी कोंडत. इंग्रज अशा नौकेला हल्क म्हणत, फ्रेंच पाँताँ. मूळच्या रेखीव कुशीवर लाकडी खोपटी, धुराडी, कठडे, पहारेकऱ्यांचे सज्जे चढवलेले असत. तोफांच्या खिडक्यांना लोखंडी गज ठोकलेले. रात्री त्या बंद करत आणि शेकडो माणसे कमी उंचीच्या मजल्यांवर खेटून टांगलेल्या झोळ्यांत झोपत. पहाटे झापे उघडले की आतून वाफेचा लोट बाहेर पडे. ओहोटीला भोवती चिखल उघडा पडे आणि त्याचा वास दिवसभर राही. क्षय, ताप आणि उपासमार यांनी माणसे मरत. जुगारात अंगावरचे कपडेच नव्हे तर पुढच्या आठवड्याचा शिधाही हरून बसलेले कैदी खालच्या मजल्यावर उघडेनागडे राहत.

गार्नरेला आधी प्रोते या नौकेवर ठेवले. प्रोते हे मुळात फ्रेंच आरमाराचेच ६४ तोफांचे जहाज, १७८० मध्ये इंग्रजांनी पकडलेले. फ्रान्सच्या सुतारांनी बांधलेल्या जहाजात फ्रान्सचे खलाशी डांबले जात होते. पुढे त्याची बदली क्राउनवर आणि नंतर व्हेन्जन्सवर झाली. इंग्रजी शिकल्यामुळे त्याला दुभाष्याचे काम मिळाले आणि थोडी मोकळीक लाभली.

कैद्यांच्या या जगात एक मोठा बाजार चालत असे. जेवणातल्या मांसाची हाडे साफ करून, तासून त्यांची चिमुकली जहाजे बनवत. दोरांसाठी केस वापरत. गवताच्या वेण्या विणत, पण स्थानिक विणकरांच्या पोटावर पाय येतो म्हणून त्यावर बंदी आली. बुद्धिबळाच्या सोंगट्या, डब्या, कंगवे इंग्रज गिऱ्हाइके नौकेवर येऊन विकत घेत. या बाजारात गार्नरेने चित्रे आणली. सुरुवातीला मिळेल तो कागद, मिळेल तो रंग. पोर्ट्समथलगतच्या पोर्टसी गावातला एक व्यापारी त्याची चित्रे घेऊ लागला. दर कमी होता, आणि व्यापाऱ्याने आपल्याला नागवले अशी त्याची तक्रार होती. पण मागणी नियमित होती. मागणी नियमित असल्याने हात रोज चालत राहिला, रंग आणि कापड मिळत गेले, आणि चित्र पूर्ण करून वेळेवर देण्याची सवय लागली. कलेच्या शाळेत जी वर्षे इतर तरुण नमुने गिरवण्यात घालवत होते ती त्याने गिऱ्हाइकासाठी रंगवण्यात घालवली.

त्याला दिसत काय होते, हे महत्त्वाचे आहे. पोर्ट्समथ हे जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराचे घर. स्पिटहेडच्या नांगरवाड्यातून आत येणारी आणि बाहेर पडणारी प्रत्येक तऱ्हेची जहाजे कैद्याच्या डोळ्यांपुढून जात. युद्धनौका, मालवाहू गलबते, मासेमारी होड्या, भाजी आणि पाणी घेऊन फिरणाऱ्या वल्हवायच्या नावा. दहा वर्षे तो जहाजाच्या आत होता आणि आतून जहाज अख्खे कधी दिसत नाही. दोर, लाकूड, वर थोडे आभाळ एवढेच दिसते. आता पहिल्यांदाच त्याला पूर्ण जहाजे दिसली, सकाळच्या उजेडात, धुक्यात, भरतीला, ओहोटीला, तीही त्याच त्या जागेवरून. एकाच दृश्यावर ऋतूंप्रमाणे उजेड कसा बदलतो हे पाहायला चित्रकाराला सहसा सवड मिळत नाही. गार्नरेला ती सक्तीने मिळाली.

या काळातली त्याची पोर्ट्समथची चित्रे आजही आहेत. त्यांपैकी काही ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. तुरुंगनौकांची एक रांग दूरवर लहान होत जाते. बिनडोलकाठीची, छपरे चढवलेली ती काळपट धुडे पाण्यावर जड बसलेली आहेत. पाणी जवळजवळ सपाट, आणि वर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचे ओलसर, पिवळट-राखाडी आभाळ. चित्रात हालचाल जी काही आहे ती छोट्या होड्यांची. मोठी जहाजे जागच्या जागी. या चित्रांत राग कुठे दिसत नाही. त्याने आपला तुरुंग इतक्या काळजीने, इतक्या बारकाव्याने रंगवला आहे की लाकडी जिन्याची पायरी, सज्ज्याचा खांब, वाळत घातलेले कपडे सगळे आपापल्या जागी सापडते. तुरुंगनौका आतून-बाहेरून कशा होत्या हे ठरवताना अभ्यासकांना आज याच चित्रांचा मोठा आधार आहे. त्याच्या सगळ्या कामांत ही चित्रे श्रेष्ठ ठरवावी लागतात. नंतरच्या मोठ्या लढायांच्या चित्रांत तंत्र अधिक सफाईदार झाले, पण पाहण्याची ही एकाग्रता तशी पुन्हा आली नाही.

१८१४ मध्ये नेपोलियन पदच्युत झाला आणि कैदी सुटले. गार्नरे एकतिसाव्या वर्षी पॅरिसला परतला. बूर्बाँ राजवटीला मोठे आरमार नको होते. हजारो अधिकारी आणि खलाशी घरी बसवले गेले. व्यापारी जहाजांवरही जागा नव्हत्या. अठरा वर्षांच्या गैरहजेरीनंतर वडील आणि भावांच्या चित्रशाळेतच तो आला आणि समुद्राची चित्रे पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे चित्रप्रदर्शनांत, मांडू लागला. १८१७ मध्ये फ्रान्सचा ग्रँड ॲडमिरल, ड्यूक ऑफ आंगुलेम, याच्या पदरी सागरी चित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली. ज्या सरकारने त्याला खलाशी म्हणून घेतले नाही त्याच सरकारच्या आरमारप्रमुखाने त्याला चित्रकार म्हणून ठेवले.

या नेमणुकीच्या काळातले त्याचे मोठे काम म्हणजे फ्रान्सच्या बंदरांची आणि किनाऱ्यांची मालिका. अटलांटिक आणि भूमध्य अशा दोन्ही समुद्रांवरची ही चौसष्ट दृश्ये १८२० च्या दशकात छापून निघाली. त्याच्या आधी जोझेफ व्हेर्ने याने पंधराव्या लुईच्या हुकुमावरून १७५३ पासून फ्रान्सच्या बंदरांची पंधरा भव्य तैलचित्रे केली होती आणि ती आदर्श मानली जात. व्हेर्नेच्या चित्रांत बंदर हे दरबारी लोकांनी फिरायला यावे असे दिसते. गार्नरेच्या बंदरांत काम चाललेले असते. नाव किनाऱ्यावर ओढणारे हात, बुडाला डांबर फासणारे लोक, टोपल्या उचलणाऱ्या बायका, नांगर उपसणाऱ्या माणसांची एका तालात वाकलेली पाठ. समुद्राची परिस्थितीही बंदरागणिक वेगळी. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाण्याची पातळी प्रचंड बदलते, तिथे नावा चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. भूमध्याला ओहोटी जवळजवळ नाही, तिथे त्या धक्क्याला सरळ तरंगतात. इतकी साधी गोष्ट, पण ती चुकली तर खलाशाला चित्र खोटे वाटते.

या दृश्यांसाठी त्याने ॲक्वाटिंट ही पद्धत वापरली आणि बऱ्याच पत्र्यांवरचे काम स्वतः केले. चित्रकाराने रंगवायचे आणि कोरणाऱ्याने कोरायचे अशी त्या काळी वाटणी असे. कोरणीत चित्रकाराच्या हाताचा जोर हरवून जाई. ॲक्वाटिंटमध्ये तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरवतात आणि पत्रा तापवून ती चिकटवतात. मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवला की भुकटीच्या कणांमधल्या फटींतून ॲसिड तांबे खाते आणि सबंध पृष्ठभाग खरबरीत होतो. जो भाग फिकट ठेवायचा त्यावर रोगण लावून तो झाकायचा आणि उरलेला पुन्हा बुडवायचा. असे टप्प्याटप्प्याने फिकट आभाळ, मध्यम ढग, गडद पाणी आणि सर्वांत शेवटी जहाजाची काळी कूस तयार होते. रोगण कधी लावायचे याचा अंदाज चुकला तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य. पाण्यावरचा मंद उजेड आणि ढगांच्या सावल्या यांसाठी ही पद्धत फार सोयीची आहे, कारण तिच्यात रेघांऐवजी छटांवर काम होते. शिडांचे दोर मात्र त्याने वेगळ्या, बारीक कोरलेल्या रेषांनी काढले. छटा आभाळाला आणि रेषा दोरांना, असा हा मेळ त्याला साधला.

लढायांची चित्रे त्याने आयुष्यभर केली आणि सरकारची मागणीही त्यांनाच जास्त होती. त्यांत २० ऑक्टोबर १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या या उपसागरात इंग्रज, फ्रेंच आणि रशियन ताफ्यांनी मिळून तुर्की-इजिप्शियन आरमार उद्ध्वस्त केले. शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई, आणि तीही बहुतेक जहाजे नांगरावर असताना झाली. मराठी वाचकासाठी यात एक जवळचा धागा आहे. इंग्रज ॲडमिरल कॉड्रिंग्टनचे एशिया हे मुख्य जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी लाकडातून बांधलेले होते. ते १८२४ मध्ये मुंबईतच पाण्यात सोडले गेले. अरुंद उपसागर, जागच्या जागी उभी जळणारी जहाजे आणि कोंडलेला धूर, असे हे दृश्य रंगवायला पोर्ट्समथच्या स्थिर जहाजांपुढे आठ वर्षे बसलेला चित्रकारच योग्य होता. त्याने ते धुराच्या थरांनी बांधले आहे. धुरातून कुठे एखादी डोलकाठी मोडून झुकलेली, पाण्यात लाकडांना धरून तरंगणारी माणसे, आणि त्यांना वर ओढणाऱ्या होड्या.

१८३० नंतरच्या दशकात त्याच्या दोन चित्रांवरून फ्रेडेरिक मार्टेन्सने देवमाशांच्या शिकारीची दोन मुद्रिते केली. एकात स्पर्म जातीच्या देवमाशाची शिकार, दुसऱ्यात बलीन जातीच्या. पहिल्यात देवमासा होडीखालून वर आला आहे, होडीची नाळ हवेत उचलली गेली आहे आणि नाळेवरचा माणूस त्या क्षणी उडी टाकण्याच्या बेतात आहे. ही मुद्रिते अमेरिकेत पोचली आणि हर्मन मेल्व्हिलच्या पाहण्यात आली. मेल्व्हिल स्वतः १८४१ मध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर गेलेला होता. १८५१ मध्ये आलेल्या त्याच्या ‘मोबी-डिक’ या कादंबरीत देवमाशांच्या चित्रांवर प्रकरणे आहेत आणि त्यांत त्याने बहुतेक सर्व चित्रकारांना नापास केले आहे. गार्नरेची चित्रे मात्र त्याने आजवरच्या सर्वोत्तमांत धरली. देवमाशाच्या शरीररचनेतल्या बारीक चुका दाखवूनही असे रेखाटन आपल्याला जमणार नाही असे तो म्हणतो, आणि या चित्रकाराने ही शिकार एक तर स्वतः केलेली असणार किंवा कसलेल्या शिकाऱ्याकडून समजून घेतलेली असणार असा तर्क करतो. गार्नरे देवमाशाच्या शिकारी जहाजावर गेल्याची नोंद नाही. तरी होडीतल्या वल्हेकऱ्यांचे वजन कुठल्या बाजूला जाईल, दोर कसा सुटत जाईल, लाटेच्या उतारावर होडी कशी तिरकी होईल, हे त्याला दहा वर्षांत कळलेले होते, आणि मेल्व्हिलला जो खरेपणा जाणवला तो तिथून आला आहे.

१८३३ मध्ये गार्नरे रुआँच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. १८४१ नंतर काही वर्षे त्याने सेव्रच्या सरकारी पोर्सेलिन कारखान्यासाठी चित्रकाम केले. १८४८ च्या क्रांतीने हेही काम संपवले. उतारवयात पैशाची चणचण होती. पन्नाशीत त्याची ख्याती ओसरत गेली होती, कारण तरुण चित्रकारांचा समुद्र वेगळा झाला होता. तेओदोर ग्युदँसारख्यांची वादळे आणि संध्याप्रकाश लोकांना अधिक भावत होते. १८५२ मध्ये नेपोलियन तिसरा याने त्याला लेजियन ऑफ ऑनर हा किताब दिला. ११ सप्टेंबर १८५७ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले आणि माँमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरले.

त्याच्या नावाला आज फ्रान्समध्ये चित्रांपेक्षा आठवणींमुळे जास्त ओळख लाभते. १८५१ पासून त्याच्या सागरी प्रवासांची आणि तुरुंगनौकांवरच्या दिवसांची ही पुस्तके निघाली. सुर्कूफ, लेर्मित, गुलामांची जहाजे, पलायनाचे प्रयत्न, कैद्यांची द्वंद्वे, सगळे त्यांत आहे आणि कादंबरीच्या वेगाने आहे. इतिहासकारांनी आरमारी कागदपत्रांशी ती ताडून पाहिली तेव्हा तारखा जुळेनात, काही प्रसंगांत तो हजरच नव्हता असे दिसले, आणि इंग्रज अधिकाऱ्यांवरचे काही आरोप फुगवलेले निघाले. वृत्तपत्री वाचकांसाठी लिहिलेल्या त्या मजकुरात दुसऱ्या कोणाचा हात होता असेही मानले जाते. म्हणून आता अभ्यासक पुस्तकातला गार्नरे आणि कॅनव्हासवरचा गार्नरे वेगळे धरतात. तुरुंगनौकेवरचा एखादा पहारेकरी किती क्रूर होता याविषयी त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. पण नौकेचा जिना कोणत्या बाजूला होता, पहाऱ्याचा सज्जा कसा टांगलेला होता, ओहोटीच्या वेळी पाण्याची रेषा तिच्या कुशीवर कुठे येई, याविषयी त्याच्या ब्रशवर निःशंक विश्वास ठेवला जातो.